समासातलं खोडलेलं प्रश्नचिन्ह

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, नानांना नाही. देवापुढे हात जोडताना सांगायचा प्रयत्न केला, पण तिथेही गोष्ट जरा वळवूनच सांगितली — देवाला काय कळतंय, असं समजून! तुम्हाला मात्र सरळ सांगणार आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जातंय.

तुमच्याआधी हे बाबलीला कळणार, त्याला इलाज नाही. बाबली आमच्या छापखान्यातला जुना कंपोझिटर, या मजकुराचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, तोच जुळवणार. बाबल्या, गपचूप जुळव रे. शेवटच्या ओळीपर्यंत ये आणि मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

मी कुसुम तावडे. घाटकोपरला नानांच्या छापखान्यात चौदा वर्षं मुद्रितं तपासते. म्हणजे छापायच्या आधी जो कच्चा कागद निघतो, त्यातल्या चुका शोधून समासात खुणा करायच्या. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, आणि वर्षातून एकदा नानांचा जीव की प्राण असलेला दिवाळी अंक. नाना मालक आणि नानाच संपादक. बाकी सगळं माझ्या आणि बाबलीच्या डोक्यावर.

गेल्या महिन्यात अनंत शेर्लेकर गेले. विज्ञानकथा लिहायचे ते. तुमच्यातल्या जुन्या वाचकांना आठवत असतील. बावन्न वय, सकाळी कामावर निघताना छातीत कळ आली आणि मुलुंडच्या घरात, उंबऱ्याशीच संपलं. नानांनी ही बातमी छापखान्यात सांगितली तेव्हा मी चहा पीत होते. सगळे हळहळले. आणि मी? — माझ्या मनात पहिला शब्द आला, 'सुटले'. खरंच सांगते. एक माणूस मेला आणि मी उरलेला चहा शांतपणे संपवला, दोन खाऱ्या खाल्ल्या. त्या मला गोड लागल्या.

मी का सुटले? तेच सांगायला बसलेय. पण मध्येच पळ काढीन अशी भीती वाटते, म्हणून आधी त्यांच्याबद्दल सांगते. बघा, अजूनही फाटे फोडतेच आहे.

शेर्लेकर माहुलला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. अंगाला कायम त्या रसायनांचा उग्र वास यायचा, आणि बोलणं त्याहून उग्र. एकदा भेटलेला माणूस दुसऱ्यांदा त्यांच्या वाऱ्याला उभा राहत नसे. दुसऱ्या कुणाची विज्ञानकथा छापून आली की हे पठ्ठे पेन्सिल घेऊन बसणार, चुका शोधणार, आणि त्या लेखकाला आंतरदेशीय पत्र धाडणार — चूक एक, चूक दोन, चूक तीन. बोरिवलीच्या एका लेखकाला तर त्यांनी भर सभेत विचारलं होतं, "तुमचं यान कशावर चालतं हो, थापांवर?" नानांनाही सोडलं नाही. म्हणाले, "तुमच्या अंकात विज्ञान म्हणजे रॉकेटला हळदीकुंकू." नाना हसले. काय करणार? पुढच्याच आठवड्यात शेर्लेकरांची कथा हातात पडायची आणि ती अशी झकास असायची की माणूस मागचं सगळं गिळून टाकायचा. बाबली म्हणायचा, "माणूस वायट नाय हा, पण जिभेक हाड नाय."

मला ते 'तावडे' म्हणायचे. नुसतं तावडे. बाई नाही, ताई नाही. त्यांची सक्त ताकीद होती — माझ्या मजकुराला हात लावायचा नाही. काही शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह काढायचं, त्याला गोल करायचं आणि मला विचारायचं. ते तर आमच्या कामात सगळ्यांसाठीच असतं. गोलातलं प्रश्नचिन्ह म्हणजे 'लेखकाला विचारा'. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

साल एक्क्याऐंशी. श्रावण चालू होता, शनिवारची दुपार. शेर्लेकरांचा एक लेख तपासताना मी अडले. त्यात होतं की चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते, पाठ कधीच दिसत नाही. ते त्या दिवशी छापखान्यातच होते. मी साधेपणानं विचारलं, मग चंद्र स्वतःभोवती फिरत नाही का? एवढंच! ते हसले. सगळ्यांना हाक मारली, मधोमध स्टूल ठेवलं आणि त्यावर बसले. म्हणाले, "मी पृथ्वी, तुम्ही चंद्र. फिरा माझ्याभोवती. तोंड माझ्याकडे. पाठ दाखवायची नाही."

मी फिरले. आज वाटतं, का फिरले? 'जा हो' म्हणून निघून का गेले नाही? चौतिशीची बाई मी, साडीचा पदर खोचून त्या स्टुलाभोवती खेकड्यासारखी आडवी आडवी चालले. चार कंपोझिटर, बाइंडर, नाना, सगळे बघतायत. अर्ध्या फेरीत माझी कंबर टाइपाच्या पेटीला लागली आणि खिळे खळ्ळकन जमिनीवर. शेर्लेकर म्हणाले, "बघा, चंद्राला अक्कल नसली तरी फिरता येतं." सगळे हसले. बाबली, तूसुद्धा हसलास. मला आठवतंय.

वर त्यांनी समजावलंही. फिरताना आधी तुमची पाठ दाराकडे होती, मग खिडकीकडे गेली, म्हणजे तुम्ही स्वतःभोवतीही फिरलात, कळलं? कळलं. उत्तम कळलं. मी खाली बसून सगळे खिळे वेचले. त्या दिवसापासून छापखान्यात माझं नाव पडलं चंद्राबाई. चंद्राबाई, चहा आला. चंद्राबाई, फोन. वरवर मी हसायची आणि आतून जळायची. घरी येऊन आईवर उगाच खेकसायची.

मग आली ती कथा.

नवरात्र संपत आलं होतं, अंकाची शेवटची धावपळ. शेर्लेकरांची कथा नेहमीसारखी सगळ्यात उशिरा आली. नाव 'दोघींची चतुर्थी'. कथा अशी — दोघी बहिणी. थोरली म्हातारपणी नातवाबरोबर चंद्रावरच्या वसाहतीत राहायला गेलीय, धाकटी इथे मुंबईत. दोघी जन्मभर संकष्टी करणाऱ्या. आता चंद्रावर चंद्रोदय कुठून आणायचा? तर थोरली ठरवते, आपण पृथ्वी उगवायची वाट बघायची. चतुर्थीला उपाशी राहून ती गोल खिडकीपाशी बसते. डोंगरामागून निळी पृथ्वी वर येते, ती गंधाक्षता वाहते, हात जोडते. आणि त्याच वेळी खाली मुंबईत धाकटी गॅलरीत उभी राहून चंद्राला हात जोडते. दोघी एकमेकींच्या घराकडे बघून उपास सोडतात. शेवटी एका चतुर्थीला थोरली हात जोडते, पण तिला कळतं की आज खाली गॅलरीत कुणी नाही.

मी रडले हो. चौदा वर्षांत कच्च्या कागदावर माझं पाणी पडलं ते तेवढं एकदाच. एवढा खडूस माणूस, आणि त्याच्या आत हे? मी डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं, कारण रडताना चुका दिसत नाहीत.

'डोंगरामागून पृथ्वी वर आली' या ओळीवर माझी पेन्सिल थांबली.

मला ते स्टूल आठवलं. मी फिरत होते तेव्हा दार मागे गेलं, खिडकी मागे गेली, बाबली मागे गेला. आणि शेर्लेकर? ते माझ्या नाकासमोरून तसूभरही हलले नव्हते. एकदाही उगवले नव्हते, एकदाही मावळले नव्हते. मग चंद्रावर घर करून बसलेल्या बाईला पृथ्वी उगवताना दिसेल कशी? ती तर आभाळात एकाच जागी लटकलेली असणार — सकाळ नाही, संध्याकाळ नाही, सदा डोळ्यांसमोर! अख्खी कथा ज्या खिळ्यावर टांगली होती तो खिळाच खोटा होता. आणि हे मला शेर्लेकरांनीच शिकवलं होतं, चारचौघांत माझी शोभा करून.

हात सवयीनं गेला. समासात प्रश्नचिन्ह काढलं. गोल केला. लिहिलं — 'पृथ्वी उगवते का?'

आणि मग मी खोडरबर घेतलं आणि ते खोडलं.

हे ते. हीच ती गोष्ट. लिहून झाली बघा, छप्पर काही कोसळलं नाही.

वेळ नव्हता म्हणू? खोटं. मशीन दुसऱ्या दिवशी लागणार होतं. त्यांच्या कारखान्याचा फोन नंबर समोरच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला होता. भीती वाटली म्हणू? तीही नाही. मी चुकले असते तर फार तर सगळे आणखी एकदा हसले असते. मी अगदी थंड डोक्यानं विचार केला. म्हटलं, सगळ्यांच्या चुका काढतोस ना? आता तुझी बाहेर पडू दे. बघू दे लोकांना. त्या विचारानं मला इतकं बरं वाटलं, की मी कागदाच्या खाली नेहमीचं वाक्य लिहिलं — 'छापण्यास हरकत नाही' — सही केली आणि डबा खायला बसले.

त्याहून वाईट अजून सांगायचंय. त्याच दुपारी माझ्या डोक्यात आलं होतं की ही चूक सुधारली तर कथा मोडणार नाही, उलट आणखी भिडेल. थोरलीला वाट बघायचीच नाही. तिला धाकटीचं घर कायम समोर दिसतंय. उपास करायचा, ताटकळायचं, ते सगळं खाली राहिलेल्या धाकटीनंच. आणि शेवटी धाकटी गेली तरी ते घर आभाळात तिथेच, रोज, थोरलीच्या डोळ्यांपुढे. शेर्लेकरांनी ते कसं लिहिलं असतं! मी नुसतं फोनवर एक वाक्य बोलायचं होतं. एक वाक्य.

अंक निघाला. पंधरा दिवस कौतुक. मग एका शाळामास्तरांचं पत्र आलं, अगदी नम्र, की चंद्रावर पृथ्वी उगवत नाही. आणि मग त्या बोरिवलीच्या लेखकाला हे कळलं. तो सोडतोय होय? त्यानं एका साप्ताहिकात लिहिलं, शेर्लेकरांच्या चंद्रावरची आजी अजून उपाशीच बसली आहे, कुणीतरी तिला साबुदाण्याची खिचडी द्या. झालं! वाट लागली. ज्यांना ज्यांना त्यांची पत्रं गेली होती ते सगळे जागे झाले. कुठल्याही कार्यक्रमात शेर्लेकर दिसले की कुणीतरी विचारणारच, "काय शेर्लेकर, आजी जेवली का?" आमच्या छापखान्यातसुद्धा तोच विनोद. चंद्राबाई हे नाव लोक विसरून गेले. त्याचा मला आनंद झाला, हेही लिहून टाकते.

डिसेंबरात ते स्वतः आले. नानांकडे गेले नाहीत, सरळ माझ्या टेबलाशी आले. आवाज खाली. मला म्हणाले, "तावडे, मुद्रित तुम्हीच वाचलं होतंत ना? तुम्हाला काही खटकलं नाही?"

तेव्हा तरी बोलायचं! पण मी म्हटलं, मला हो काय कळतंय त्यातलं, मी आपली काना-मात्रा बघते. त्यांनी तो कच्चा कागद बघायला मागितला. मी म्हटलं, रद्दीत गेला. तो कागद माझ्या खणात होता, ते ज्या टेबलाला टेकून उभे होते त्याच टेबलाच्या खणात.

ते म्हणाले, "बरोबर आहे, तुम्हाला कुठून कळणार." मला पुन्हा राग आला आणि खोटं बोलल्याचं वाईट वाटेनासं झालं. पण दाराशी जाऊन ते वळले आणि म्हणाले, "नाहीतर तुम्ही सांगितलंच असतंत." एवढं बोलून गेले.

त्यानंतर त्यांनी कथा लिहिली नाही. नाना दरवर्षी जूनमध्ये आठवणीचं पत्र टाकायचे आणि उलट टपाली पोस्टकार्ड यायचं, 'यंदा नाही'. दरवर्षी तेवढेच दोन शब्द. टपाल मीच फोडायची. आई घरी संकष्टीला कॅलेंडर बघून विचारायची, "चंद्रोदय किती वाजता गं?" — आणि माझा घास तोंडातच फिरायचा. आठ वर्षं. एखादा दिवस ते पुन्हा येतील, खण उघडतील, विचारतील. म्हणून ते गेल्याचं ऐकलं आणि मी सुटले. आता विचारणारं कुणी उरलं नाही. केवढी हलकट सुटका, नाही का?

मुलुंडच्या एका वाचनालयात शोकसभा झाली. नाना मला घेऊन गेले. भाषणं झाली. फटकळ पण मनाचे मोठे, वगैरे. मेल्यावर सगळेच मनाचे मोठे होतात. एकानं तिथेही आजीचा विनोद केला आणि लोक हसले, दबकत का होईना. पहिल्या रांगेत त्यांची बायको बसली होती, शालिनीवहिनी. त्यांनी मान वर केली नाही.

सभा संपल्यावर त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "तुम्ही तावडे ना?" मग म्हणाल्या, ती थोरली म्हणजे ह्यांची आई आणि धाकटी म्हणजे सावंतवाडीची मावशी. मावशीच्या तेराव्याहून परत आले आणि एका बैठकीत ती कथा लिहिली. जन्मात तेवढी एकच गोष्ट त्यांनी गणित न करता लिहिली. आणि माझा हात धरून वहिनी म्हणाल्या, "ते नेहमी सांगायचे, सगळी मुंबई हसली, पण छापखान्यातली तावडे हसली नाही."

खरं आहे. मी हसले नव्हते. कशी हसणार?

मी काय केलं? वहिनींचा हात धरून रडले. लोकांना वाटलं, बघा, किती माया. परत येताना नाना रस्ताभर माझी समजूत काढत होते.

आता यंदाचा अंक. नानांनी ठरवलं, शेर्लेकरांची आठवण म्हणून 'दोघींची चतुर्थी' पुन्हा छापायची. परवा बाबलीनं कच्चे कागद माझ्या टेबलावर आणून ठेवले. तीच कथा, तीच ओळ, तीच मी. पेन्सिल हातात घेतली आणि समासात प्रश्नचिन्ह काढलं, गोल केला. लेखकाला विचारा! कुणाला विचारू?

मग उठले आणि नानांना म्हटलं, कथेच्या पुढची दोन पानं मला द्या. ते खूश झाले. म्हणाले, "लिही, लिही, तुझ्या आठवणी असतीलच." मी मान हलवली. नाना, या त्या आठवणी. कामावरून काढायचं असेल तर काढा, अंक निघेपर्यंत तेवढं थांबा.

वहिनींना हे अंकातून कळू नये, एवढी लाज अजून शिल्लक आहे. उद्या बाबलीनं हे जुळवलं की मुलुंडला जाऊन या पानांचा कच्चा कागद त्यांच्या हातात ठेवणार आहे, आणि त्याबरोबर माझ्या खणातला एक्क्याऐंशी सालचा तो कागदही. खोडलेलं पुरतं गेलेलं नाही. उजेडाकडे धरलं की गोल दिसतो, आतलं प्रश्नचिन्ह दिसतं, माझं अक्षर वाचता येतं. त्या धरलेला हात सोडतील. सोडू देत. तो मी धरू द्यायलाच नको होता.

लिहिताना वाटलं होतं, रडायला येईल. नाही आलं. खांद्यावरून भरलेली पाटी उतरवावी तसं वाटतंय. आज डबा पूर्ण खाल्ला. बातमी ऐकून जी सुटका वाटली होती ती चोरीची होती. ही माझी आहे.

कथेतल्या त्या ओळीला मी हात लावलेला नाही. त्यांची ताकीद होती. पृथ्वी तिथे उगवत नाही. त्यांना ते त्या एका बैठकीत आठवलं नाही. मला आठवलं होतं.

ही दोन पानं मीच लिहिली, मीच तपासली. खाली सही माझी.

छापण्यास हरकत नाही.

— कुसुम तावडे